फुफीचे वीस चिंचोके

आमच्या घराची वाटणी ज्या दिवशी व्हायची होती, त्या दिवशी सकाळपासून माझा पाय जमिनीवर ठरत नव्हता. लोक म्हणतील, बाप जाऊन वर्ष झालं नाही आणि पोरगी नाचते काय! म्हणोत बापडे. अब्बा गेल्यापासून आमच्या घरात मोठ्यानं कुणी बोललंच नव्हतं. अम्मी इद्दतीत होती. विधवेनं ठरावीक महिने घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, तो काळ. तो आदल्या आठवड्यात संपला, थोरला भाऊ दुबईहून रजेवर आला, त्याची बायको तेवढी तळोज्याला माहेरी होती, उरणहून मामू आले आणि एकदम घर भरलं. शेजारची पोरं अंगणात ओरडत होती, आत मटण रटरटत होतं आणि मला कित्येक महिन्यांनी सपाटून भूक लागली होती.

दुसरंही कारण होतं. मला गणिताचं वेड. मी तेव्हा बी.एस्सी. होऊन गल्लीतल्या दहावीच्या मुलामुलींच्या शिकवण्या घ्यायचे. अब्बा उर्दू शाळेत मास्तर होते आणि ते मला लहानपणापासून सांगत आले होते की आपल्यात वाटणीचं जे गणित आहे, तसलं देखणं गणित दुसरं नाही. बायकोला इतकं, आईला इतकं, मुलाला दोन तर मुलीला एक, सगळं आधीच ठरलेलं. माणसानं फक्त छेद जुळवायचा. मुलाला दोन आणि मुलीला एक, यावरून मी अब्बांशी किती भांडले असेन! ते हसायचे आणि म्हणायचे, "आधी तो एक तरी देऊ दे लोकांना, मग दुसऱ्याचं बघू."

वाटायचं काय होतं? एक घर. अब्बांच्या मागे दुसरं काही नव्हतं. जुन्या पनवेलात, मशिदीमागच्या गल्लीत, पुढे ओटा, मग बैठकीची खोली, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे विहिरीला लागून आणखी एक खोली. त्या मागच्या खोलीत फुफी राहायची. फुफी म्हणजे अब्बांची थोरली बहीण, एकुलती एक. तिचा नवरा बोटीवर खलाशी होता, तो लग्नानंतर दहाबारा वर्षांत गेला. मूलबाळ नव्हतं. ती माहेरी परत आली ती मी जन्मायच्या कितीतरी आधी. आम्हा तिन्ही भावंडांना अंघोळी तिनं घातल्या आणि मारही आम्ही तिचाच खाल्ला. अम्मीचा हात उठायचा नाही. फुफीचा उठायचा, आणि बरोबर बसायचा.

थोरल्या भावानं येतानाच बेत करून आणला होता. पलीकडे नव्या पनवेलात, खांदा कॉलनीत इमारतींवर इमारती उठत होत्या, आणि आता बिल्डरांची नजर जुन्या गावातल्या जागांवर वळली होती. एक जण आमच्याकडेही येऊन चहा पिऊन, भिंतींवर टिचक्या मारून गेला होता. घर त्याला द्यायचं, दोघा भावांनी खांदा कॉलनीत दोन फ्लॅट घ्यायचे, अम्मी थोरल्याकडे. मी काय, आज ना उद्या लग्न होऊन जाणारच.

"आणि फुफी?" मी विचारलं.

"फुफीचं काय? एक महिना माझ्याकडं, एक महिना ह्याच्याकडं. तिला काय कमी पडू देणार हाय का आपण?"

ह्याच्याकडं म्हणजे धाकट्या भावाकडे. तो रसायनीला कारखान्यात होता आणि थोरल्याच्या शब्दाबाहेर नव्हता. त्यानं लगेच मान हलवली.

थोरला वाईट नव्हता हो. दर रजेला त्याची बॅग उघडली की पहिली वस्तू फुफीची निघायची, अत्तर म्हणा, मऊ ब्लँकेट म्हणा, गुडघ्यांना लावायचं मलम म्हणा. पण सत्तरीला टेकलेल्या बाईनं दर महिन्याला पिशवी भरून या घरातून त्या घरात जायचं, हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पोस्टाचं पार्सल आहे का ती?" मी म्हटलं. थोरला म्हणाला, "तुझं तोंड आवर, सासरी कोण ठेवून घ्यायचं नाय." फुफी तिथेच बसून तांदूळ निवडत होती. निवडून झालेले तांदूळ तिनं पुन्हा सुपात ओतले आणि पुन्हा निवडायला घेतले.

म्हणून माझी सगळी भिस्त त्या वाटणीवर होती. फुफी अब्बांची सख्खी बहीण. तिचा काही ना काही हिस्सा निघणारच, असं मी धरून चालले होते. तो निघाला की तिच्या सहीशिवाय घर विकता यायचं नाही, आणि तिची खोली तिचीच राहील. हा हिशेब मी कुणाला सांगितला नव्हता. मनातल्या मनात मांडे खात मी सकाळपासून घरभर पळत होते, बैठकीतली चटई झटकत होते, चहाचे कप पुन्हा पुन्हा मोजत होते.

दहाच्या सुमाराला मौलाना आले. तरुण होते, गोलमटोल, सदा हसतमुख. वाटणीच्या गणितात त्यांना जेवणाइतकाच रस होता, आणि जेवणात किती होता ते त्यांच्याकडे पाहून कुणालाही कळलं असतं. बसल्या बसल्या त्यांनी मला हाक मारली आणि एक परात व ओंजळभर चिंचोके मागितले.

"चिंचोके?" धाकटा हसला. "मौलाना, डाव मांडताय का?"

"कागदावर आकडे मांडले की निम्म्या लोकांना कळत नाही," मौलाना म्हणाले, "आणि ज्यांना कळतं त्यांना पुढं सोयीनं आठवत नाही. चिंचोके सगळ्यांना दिसतात. मी कुठंही गेलो तरी असंच करतो."

पुरुष बैठकीत, म्हणजे दोघे भाऊ, मामू आणि मौलाना. मधल्या दाराला पडदा. पडद्याआड माजघरात अम्मी बसली होती, आणि तिच्यामागे स्वयंपाकघरात फुफी भाकऱ्यांच्या तयारीला लागली होती. मी ना इकडची ना तिकडची. चहाच्या निमित्तानं मी पडद्यातच उभी राहिले.

मौलानांनी शिस्तीत विचारलं. कफनदफनाचा खर्च झाला? झाला. अब्बांवर कुणाचं कर्ज? नाही. वसीयत? नाही. सगळी उत्तरं मामूंनी दिली, जसं काही घर त्यांच्याच बापाचं होतं. मग मौलानांनी बाह्या सारल्या आणि चाळीस चिंचोके परातीत मोजून ठेवले.

"हे घर. बायकोचा आठवा हिस्सा, म्हणजे पाच." पाच चिंचोके त्यांनी पडद्याच्या बाजूला सरकवले. "राहिले पस्तीस. मुलगे दोन, मुलगी एक. मुलाचे दोन वाटे, मुलीचा एक, झाले पाच वाटे. सात सात चिंचोक्यांचा एक वाटा. थोरल्याला चौदा, धाकट्याला चौदा, आणि बेटी, तुझे सात."

सुटलं! बाकी शून्य! अब्बा म्हणायचे तसंच, एक चिंचोका इकडे नाही की तिकडे नाही. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मग मी परातीकडे नीट पाहिलं. चाळीसच्या चाळीस संपले होते.

"आणि फुफीचे?" मी विचारलं.

मौलानांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं, ते तोंडावर दिसलं. "मय्यतीला मुलगा असला की बहीण वारस होत नाही, बेटी."

"असं कसं?"

"कायदाच हाय तसा," मामू म्हणाले. "उगा वाद नको घालू."

आणि कायदा खरंच तसाच होता. मौलाना खोटं बोलणारे नव्हते. थोरल्यानं सुटकेचा श्वास सोडला आणि वर मला म्हणाला, "आता तुझ्या सातांचं पण बोलून टाकू. तुझं लग्न आमी थाटात करू, तू सही करून टाक."

"माझे सात मी चावून खाईन, पण तुला देणार नाही!" असं म्हणून मी ट्रे तिथेच आपटला आणि आत गेले.

फुफी भाकरी थापत होती. तव्यावर एक होती, परातीत दुसरी. माझं तोंड पाहून तिनं विचारलं, "काय झालं गं?"

"तुला काही नाही."

"मग? मला म्हाईत होतं."

"माहीत होतं? आणि तू बोलली नाहीस?"

"तुझा थोरला भाऊ जन्मला तेवाच माझा हक्क गेला की. गावात मिठाई पण मीच वाटली." आणि ती चक्क हसली. भाकरीवर पाण्याचा हात फिरवला, ती उलटली.

मला रडायलाच आलं. रागानं आलं. "हसतेस काय? घर विकतील ते! माझ्या एकटीच्या सातांवर मी किती दिवस अडवू? तुला पिशवी घेऊन इकडून तिकडे फिरवतील!"

तिचं हसू गेलं. तिनं पिठाचा नवा गोळा मळायला घेतला. मग तव्याकडेच बघत म्हणाली, "ह्या घराच्या पायाला पाणी घातलंय मी. बा गवंड्याच्या हाताखाली, आन मी घागर घेऊन विहिरीवर. तुझा बाप तेवा रांगत होता. माती खायचा भिंतीची. मला आता दुसऱ्याच्या हितं झोप नाय यायची."

मी डोळे पुसता पुसता थांबले.

"फुफी, घर कुणी बांधलं?"

"सांगते काय तर. माझ्या बानं."

"म्हणजे आजोबांनी. अब्बांनी नाही."

"तुझ्या बापानं कौलं बदलली, झालं."

"आणि आजोबा गेले तेव्हा वाटणी झाली?"

"वाटणी कसली? आमी दोघंच भावंडं. मी तेवा सासरला. आई होती, तुझा बाप होता. कुणी विषयच नाय काढला."

"आणि दादी गेली तेव्हा?"

"तेवा तर मी हितंच होते. कुणी कुणाला वाटायचं?"

या अल्ला! शिकवणीत मी पोरांच्या डोक्यात टपली मारून सांगायचे, गाढवांनो, टक्के काढायच्या आधी मूळ रक्कम किती ती बघा. आणि इथे आम्ही सगळे शहाणे बसून वाटणी अगदी बरोबर करत होतो, पण कशाची? जे पुरतं अब्बांचं नव्हतंच त्याची! आजोबांचं घर दोघांचं होतं. फुफी अब्बांची वारस नसेना का, आजोबांची होती. आणि तो तिचा भाग कुणी तिला दिलाच नव्हता. आधी तो एक तरी देऊ दे, म्हणणारे माझे अब्बा! माझ्या गुणी, सरळ, पाच वक्त नमाजी अब्बांना हे सुचलं नव्हतं. मला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी त्यांना गाठून हे सांगावं, असंही वाटलं.

मी उठले तशी फुफीनं माझं मनगट धरलं, ओल्या पिठाच्या हातानं. "कुठं चाललीस? भांडण काढू नको. बहिणीनं वाटा मागितला की माहेर तुटतं."

"तुझं माहेर विकायला काढलंय त्यांनी, फुफी. तुटायचं काय राहिलंय?"

तिचा हात सैल झाला. मी पडदा सारला आणि थेट बैठकीत जाऊन उभी राहिले. डोक्यावर ओढणी नाही, मनगटाला पीठ.

"मौलाना, हिशेब चुकला!"

"आदब नावाची चीज हाय का नाय?" मामू कडाडले. पण मौलानांचे डोळे चमकले. हिशेब चुकला, हे शब्द कानावर पडले की काही माणसांना मिरच्या झोंबतात. ते त्यातले नव्हते.

"कुठं चुकला?"

मी एका दमात सगळं सांगितलं. घर आजोबांचं, आजोबांमागे दादी, अब्बा आणि फुफी, वाटणी नाही. मग दादी गेली, तेव्हाही वाटणी नाही. बोलता बोलता माझा श्वास पुरेना. मौलानांनी खाडकन कपाळावर हात मारून घेतला.

"मी विचारलंच नाही! कर्ज विचारलं, वसीयत विचारली, आणि घर कुणाचं ते विचारलं नाही! एका मय्यतीचं वाटायच्या आत दुसरी मय्यत, त्यावर तिसरी. बेटी, याचा तर वेगळा धडाच आहे!" त्यांना इतका आनंद झाला होता की ते बसल्या जागी डोलायला लागले. "थांबा थांबा. आजोबांच्या मागे बायकोला आठवा. उरलेलं मुलगा आणि मुलगी, दोनास एक. मग ती बायको गेली, तिचा आठवा कुणाला? पुन्हा त्याच दोघांना, पुन्हा दोनास एक. म्हणजे फिरून गाडी तिथंच. घराचे तीन भाग. दोन तुमच्या अब्बांचे, एक त्यांच्या बहिणीचा."

ते परातीकडे बघून थबकले. मग हसू लागले.

"हे चाळीस आहेत ते फक्त दोन भागांचे. तिसऱ्या भागाचे वीस कुठं आहेत? आण, बेटी, आणखी वीस आण!"

मी धावले. चिंचोक्यांचा डबा फळीवर, माझा हात पोचेना, तर मी पाटावर चढले आणि तो डबाच खाली पाडला. स्वयंपाकघरभर चिंचोके! फुफी ओरडली, "अगं काय चाललंय तुझं!" मी जमिनीवरून वेचून वीस मोजले, पुन्हा मोजले आणि ओच्यात घेऊन बाहेर आले.

मौलानांनी ते वीस वेगळे मांडले. सगळ्यांत मोठा ढीग तोच होता. धाकटा वाकून बघत होता. "माझे तर चौदाचे चौदाच हायत की," तो खूश होऊन म्हणाला.

"अरे गाढवा," थोरला दातओठ खात म्हणाला, "घर तेवढंच हाय. तुकडे बारीक झाले."

मग मामू पुढे सरसावले. "मौलाना, हे सगळं पुस्तकातलं. आपल्यात बहिणी भावाकडनं घेतात का? माफ करतात. हिनं पण माफच केलं असणार. माझ्या बहिणीनं नाय केलं?"

मामूंची बहीण म्हणजे आमची अम्मी. पडद्याआड ती मघापासून गप्प होती. आता तिथूनच तिचा आवाज आला, बारीक, पण स्वच्छ.

"मला तरी कुठं विचारलं होतंत, भाई?"

काय मजा आली म्हणून सांगू! घोटभर चहा मामूंच्या नाकात गेला. उरणचं घर आणि नारळीची वाडी एकट्यानं खाणारे मामू खोकत राहिले, आणि मौलाना छताकडे बघून हसू दाबत राहिले. करायला गेले काय आणि उलटे झाले पाय! त्यानंतर मामू त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत.

पण अम्मीचं बोलून झालं नव्हतं. "मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे होते," ती म्हणाली. "ते गेले, मग सासूबाई गेल्या, दोन्ही वेळा मी ह्याच घरात होते. वाटणी झाली नाही. माफी पण कुणी मागितली नाही. मी गवाही देते."

"अम्मी!" थोरला ओरडला. "तुझे पण कमी होतायत!"

"होऊ देत. तुझ्या बापाच्या मानेवर बहिणीचा हक्क ठेवून मी कुठल्या तोंडानं दुआ मागू?"

थोरला उठून उभा राहिला. त्याची बाजू सगळीकडून ढासळत होती. सहा वर्षं उन्हात राबून त्यानं त्या फ्लॅटचं स्वप्न पाहिलं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला त्याचा नुसता संताप आला होता. आणि तेवढ्यात तो बोलून गेला.

"आणि अब्बांनी तिला जन्मभर पोसलं, त्याचं काय?"

स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

मौलानांनी हसणं बाजूला ठेवलं. "भावानं बहिणीला जेवू घातलं, त्याचा सवाब, त्याचं पुण्य, भावाला. त्यानं हक्क फिटत नाही," ते म्हणाले. "मात्र माफ करणं तिच्या हातात आहे. तिनं केलं तर गोष्ट मिटली. पण तिनंच बोललं पाहिजे. दुसऱ्या कुणी तिच्या वतीनं नाही. बोलवा त्यांना."

आता सगळं फुफीच्या एका शब्दावर होतं, आणि मी फुफीला ओळखत होते. मटणातला चांगला तुकडा तिनं कधी स्वतःच्या ताटात घेतला नव्हता. ईदेला साडी घेतली तर म्हणायची, राहू दे, सूनबाईला दे. ती म्हणणार, केलं माफ. भांडण नको म्हणून म्हणणार. मग बिल्डर येणार, आणि ती पिशवी भरणार. मी अम्मीशेजारी जाऊन तिचा हात घट्ट धरला.

फुफी पडद्याजवळ आली. हाताला पीठ तसंच.

"खाला," मौलानांनी मावशी म्हणावं तशी पलीकडून हाक मारून विचारलं, "वडिलांच्या घरातला तुमचा हिस्सा तुम्ही भावाला कधी माफ केला होता का?"

फुफी पडद्याची किनार चिमटीत धरून उभी राहिली.

"नसेल, तर आज करता का? तुमची मर्जी. जबरदस्ती नाही."

"थोरला कुठाय?" फुफीनं विचारलं.

"इथंच हाय," थोरला म्हणाला.

"काय म्हणालास तू? पोसलं?"

तो दाराकडे सरकला.

"तुझ्या बापानं एकदा, एकदा जरी विचारलं असतं ना, तर हसत हसत माफ केलं असतं मी. तुमी सकाळी विचारलं असतं तरी केलं असतं. मघाशी भाकरी थापताना पण केलं असतं." तिनं पदर कमरेला खोचला. "आता नाय करत."

मी किंचाळलेच! आनंदानं! अम्मीनं माझ्या तोंडावर हात दाबला, तर तिचा तोच हात ओला झाला, मी हसत होते आणि रडतही होते. बाहेर मौलाना "सुब्हानअल्लाह!" म्हणाले आणि त्यांनी वीसच्या वीस चिंचोके पडद्याखालून आत सरकवले. काही घरंगळत फुफीच्या पायांपर्यंत आले. धाकटा आपल्या चौदांकडे बघत बसला होता. पण थोड्या वेळानं तोच म्हणाला, "विहिरीकडची खोली आन माजघर फुफीला दिलं तरी पुढचा भाग आपल्याला राहतो की." बिल्डर, फ्लॅट, सगळं त्या एका वाक्यात वाहून गेलं.

थोरल्याला ते सहन झालं नाही. "घ्या, घ्या सगळं तुमीच घ्या!" तो म्हणाला आणि तरातरा ओट्यावर गेला. तळोज्याला त्याची सासुरवाडी, तो तिकडे निघाला होता. मामू त्याला थांबवायला उठले, पण त्यानं त्यांचा हात झटकला.

तेव्हा फुफी पडदा सारून बाहेर आली. सगळ्या पुरुषांमधून, मौलानांच्या समोरून, पिठाचे हात तसेच घेऊन ती दारापर्यंत चालत गेली.

"ए! जेवल्याबिगर निघालास कुठं?"

"मला भूक नाय."

"भूक नसली तरी बस. माझ्या घरातनं कोण उपाशी गेलेलं मला चालायचं नाय."

बोलून झालं आणि ती एकदम थांबली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं. भाईचं घर, भाभीचं घर, पोरांचं घर, हे सगळं मी तिच्या तोंडून ऐकलं होतं. माझं घर, हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तिनं चौकटीला हात टेकला. पिठाची पाच बोटं लाकडावर उमटली.

थोरला एक चप्पल पायात आणि एक हातात धरून उभा होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा लहानपणी मार खाऊन व्हायचा तसा झाला होता. मग त्यानं हातातली चप्पल खाली ठेवली, पायातली काढली आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला.

"येऊ का आत?" त्यानं विचारलं.

फुफीनं मनगटानं डोळे पुसले.

"आधी हात धू," ती म्हणाली.